हसण्याची सनद

इ. स. 1990 च्या फेब्रुवारी महिन्यात बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक, म्हणजे सुवर्ण अस्वल, दोन चित्रपटांस विभागून देण्यात आले. त्यांपैकी कोस्ता-गाव्रासचा 'म्युझिक बॉक्स' हा नुकताच पडद्यावर आलेला होता. दुसरा, 'दोरीवरचे चंडोल' हा चेक चित्रपट, मात्र चित्रित झाला तेव्हा त्याचा दिग्दर्शक एकतीस वर्षांचा होता, आणि पारितोषिक जाहीर झाले तेव्हा त्याच्या वयाची बावन्न वर्षे पुरी होण्यास थोडेच दिवस उरले होते. मधल्या दोन दशकांत ती फिल्म सरकारच्या तिजोरीत कुलूपबंद होती, आणि तिच्या डब्यांवर ज्यांनी मोहोर केली त्यांची राजवट बर्लिनची भिंत कोसळल्यानंतर काही आठवड्यांतच प्रागमध्ये संपुष्टात आली होती. दिग्दर्शकाचे नाव यिर्झी मेन्झेल. आपल्या कलेचा गौरव पाहण्यास कर्ता हयात नसावा ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात नवी नाही. परंतु कर्ता हयात असावा, त्याच शहरात राहत असावा, त्याच सरकारच्या स्टुडिओत दुसरे चित्रपट करीत असावा, आणि तरीही आपली उत्तम कृती आपल्या देशबांधवांनी पाहिलेलीच नाही हे ओझे त्याने वीस वर्षे निमूट वाहावे, हा प्रकार थोडा निराळा आहे.

मेन्झेलचा जन्म 23 फेब्रुवारी 1938 रोजी प्रागमध्ये झाला. म्युनिचच्या कराराने त्याच्या मायभूमीचे लचके तोडले गेले ते त्यानंतर सात महिन्यांनी. पुढे 1939 पासून नाझींचा अंमल, 1945 साली मुक्ती, 1948 च्या फेब्रुवारीत कम्युनिस्टांनी घेतलेली सत्ता, आणि मग कज्जे, तुरुंग आणि भरती यांचे एक काळे दशक, असा त्या पिढीच्या बाल्याचा आणि किशोरावस्थेचा जमाखर्च आहे. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या छायेत शतकानुशतके वावरलेल्या या लहानशा राष्ट्राने मोठ्या सत्तांशी झगडण्याची जी विविध साधने हस्तगत केली, त्यांत शस्त्रापेक्षा विनोदाचा वाटा अधिक आहे. यारोस्लाव हाशेकचा शिपाई श्वेइक हा त्या परंपरेचा मूळपुरुष: हुकूम इतक्या निष्ठेने पाळणारा की हुकूम देणाऱ्याचीच फजिती व्हावी. मेन्झेल हा त्याच घराण्यातला, फक्त हाशेकचा कडवटपणा त्याच्या वाट्यास आला नाही.

वडील बालसाहित्याचे लेखक होते. मुलाचा ओढा नाटकाकडे होता, परंतु दाखल झाला तो प्रागच्या चित्रपट अकादमीत, जी 'फामू' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. 1957 ते 1961 या वर्षांत तेथे ओताकर वाव्रा या अनुभवी दिग्दर्शकाच्या हाताखाली जो वर्ग शिकला, त्यात मेन्झेलबरोबर व्येरा खितिलोवा आणि एव्हाल्ड शोर्म ही मंडळी होती. एका वर्गातून इतके मातब्बर कलावंत बाहेर पडल्याची उदाहरणे चित्रपटाच्या इतिहासात फारशी नसावीत. वाव्रा स्वतः प्रत्येक राजवटीशी जमवून घेणारा गृहस्थ होता, परंतु शिष्यांना त्याने आपल्यासारखे होण्यास भाग पाडले नाही, आणि हे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. या तरुणांस आणि त्यांच्या थोडे आधी शिकून गेलेल्या मिलोश फॉर्मनसारख्यांस जी संधी मिळाली तिचे कारण एका विसंगतीत आहे. चित्रपटसृष्टी 1945 सालीच सरकारजमा झाली होती. बारांदोव्ह येथील भव्य स्टुडिओ, कच्ची फिल्म, नटांचे पगार, सर्व खर्च सरकारी तिजोरीतून होत असे, त्यामुळे गल्ला किती जमेल याची फिकीर दिग्दर्शकास नव्हती. आणि साठोत्तरी वर्षांत पक्षाची पकड सैल होऊ लागल्यामुळे त्या सरकारी पैशाने सरकारचीच टर उडविण्याची मुभा काही काळ मिळाली. ज्यास जग 'चेक नवलाट' म्हणून ओळखते ती या दोन गोष्टींच्या अल्पजीवी संगमावर उठली.

मेन्झेलच्या आयुष्यातला खरा योग मात्र स्टुडिओत आला नाही, तो एका लेखकाच्या रूपाने आला. बोहुमिल ह्राबल हा 1914 साली जन्मलेला, कायद्याची पदवी घेतलेला मनुष्य. परंतु वकिली न करता त्याने युद्धकाळात एका आडगावच्या स्थानकावर गाड्या सोडण्याचे काम केले, पुढे क्लाद्नोच्या पोलाद कारखान्यात मजुरी केली, प्रागमधल्या एका वखारीत रद्दी कागदाचे गठ्ठे बांधले, नाटकगृहात पडदे ओढले. त्याचा पहिला कथासंग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता. बियरच्या गुत्त्यात ऐकलेल्या गप्पा, बढाया, अश्लील विनोद आणि अकस्मात येणारी करुणा यांची जी एक अखंड धार त्याच्या गद्यात वाहते, तिने नव्या दिग्दर्शकांना वेड लावले. 1965 साली नवलाटेतल्या पाच जणांनी त्याच्या पाच कथांवर मिळून एक चित्रपट केला, आणि त्यातला मोटारसायकलींच्या शर्यतीवरचा खंड मेन्झेलने दिग्दर्शित केला. दोघांच्या वयात चोवीस वर्षांचे अंतर. एक गुत्त्यातला बहुभाषी, दुसरा मितभाषी आणि काहीसा भिडस्त. तरी हा स्नेह ह्राबलच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1997 पर्यंत, अभंग राहिला, आणि मेन्झेलच्या ज्या चित्रपटांवर त्याची कीर्ती उभी आहे त्यांतले बहुतेक ह्राबलच्या लेखणीतूनच निघाले.

पहिला पूर्ण लांबीचा चित्रपटही ह्राबलच्याच लघुकादंबरीवर बेतलेला. 1966 साली तयार झालेला हा चित्रपट 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स' या इंग्रजी नावाने जगभर परिचित आहे; आपण त्यास 'पहाऱ्यातल्या आगगाड्या' म्हणू. दुसऱ्या महायुद्धाचा शेवट जवळ आला आहे, देश जर्मनांच्या टाचेखाली आहे, आणि एका चिमुकल्या स्थानकावर मिलोश ह्रमा नावाचा कोवळा पोरगा नव्या कोऱ्या गणवेशात उमेदवारीस रुजू होतो. त्याच्या घराण्याचा वृत्तान्त आरंभीच सांगितला जातो, आणि तो ऐकताना प्रेक्षकास या चित्रपटाची प्रकृती कळून चुकते: आजोबा संमोहनविद्येचे जाणकार, जर्मन रणगाडे देशात शिरले तेव्हा ते एकटेच रस्त्यात उभे राहून त्यांना नजरेने परतविण्याचा प्रयत्न करीत होते, वडील इंजिनचालक, ऐन चाळिशीतच निवृत्तिवेतन घेऊन दिवसभर कोचावर पडून राहणारे. पोराची आकांक्षा वडिलांच्याच वळणाची आहे, म्हणजे काम न करता गणवेशात उभे राहणे. त्याची खरी व्यथा निराळीच: प्रेयसीच्या सहवासात त्याचे पौरुष ऐन वेळी दगा देते, आणि त्या लाजेने तो स्नानगृहात हाताच्या शिरा कापून घेतो. युद्ध, राष्ट्र, प्रतिकार हे मोठाले शब्द या पोराच्या डोक्यावरून जातात. त्याच्या देहातले युद्ध त्यास पुरे आहे.

याच स्थानकावर हुबिच्का नावाचा रंगेल कारभारी आहे. एका रात्री तो आणि तारयंत्रावर बसणारी तरुण मुलगी कचेरीत एकटी असता खेळता खेळता तो कचेरीचे सगळे रबरी शिक्के तिच्या मांड्यांवर व पाठीमागच्या भागावर एकेक करून उमटवितो. मुलीची आई फिर्याद करते, चौकशी समिती बसते, आणि मग जो संवाद होतो त्याला जागतिक चित्रपटातल्या विनोदाचा एक मानदंड मानण्यास हरकत नाही. मुलगी म्हणते, मजवर कोणी जबरदस्ती केली नाही. झाले, विनयभंगाचा गुन्हा गळाला. तेव्हा जर्मनांची हांजी हांजी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या ध्यानात येते की शिक्क्यांवरील मजकूर जर्मन भाषेत आहे, सबब गुन्हा राजभाषेच्या अवमानाचा! शरीराच्या सुखासाठी दप्तराचे साधन वापरले गेले, याने साम्राज्याचा पाया हादरतो आहे. मेन्झेलची हातोटी अशी की हा प्रसंग तो किंचितही अतिरंजित करीत नाही. कॅमेरा स्थिर, चेहरे गंभीर, आणि शिक्का उमटण्याचा आवाज स्पष्ट. याच स्वस्थ गतीने कथा अखेरीस येते. मिलोशचा न्यूनगंड एका अनुभवी स्त्रीच्या सहवासात दूर होतो, ती स्त्री प्रतिकार करणाऱ्यांचा बॉम्ब घेऊन आलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी तो पोरगा हसतमुखाने सिग्नलच्या खांबावर चढून दारूगोळ्याच्या गाडीवर तो बॉम्ब सोडतो. पहारेकऱ्याची गोळी लागून तो त्याच गाडीवर कोसळतो. वीरत्व त्याच्या अंगी आले ते कोणत्याही तत्त्वज्ञानातून आलेले नाही, आदल्या रात्री आपण पुरुष ठरलो या आनंदातून आलेले आहे. आणि ज्या देशात वीरगाथांचे चित्रपट सरकारी आदेशाने निघत होते तेथे हे दाखविणे किती धाडसाचे होते हे वेगळे सांगावयास नको.

मिलोशची भूमिका करणारा वात्स्लाव नेत्स्कार्झ हा पेशाने गायक होता. त्याच्या दोषाचे निदान करणारा डॉक्टर मेन्झेलने स्वतः रंगविला. 10 एप्रिल 1968 रोजी झालेल्या समारंभात या चित्रपटास सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. दिग्दर्शकाने तेव्हा नुकतीच तिशी ओलांडली होती. त्याच उन्हाळ्यात त्याचा 'लहरी उन्हाळा' हा रंगीत चित्रपट कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवात अव्वल ठरला. नदीकाठच्या स्नानघाटाचा मालक, एक सेवानिवृत्त मेजर आणि एक धर्मोपदेशक असे तीन प्रौढ मित्र. पावसाने भिजलेला निरुत्साही जून महिना. आणि तंबू घेऊन आलेला एक डोंबारी व त्याची तरुण साथीदारीण, जिच्यासाठी तिघेही पाळीपाळीने आपली प्रतिष्ठा गमावतात. डोंबाऱ्याची भूमिका मेन्झेलने केली, आणि त्यासाठी तो दोरावर चालावयास खरोखरच शिकला. मूळ कादंबरीचा लेखक व्लादिस्लाव वान्चुरा यास नाझींनी 1942 मध्ये देहान्ताची शिक्षा दिली होती. असे करुण संदर्भ मेन्झेलच्या चित्रपटांच्या कडेस सतत असतात, पण तो त्यांकडे बोट दाखवीत नाही.

ऑगस्टच्या 20 आणि 21 तारखांच्या मधल्या रात्री वॉर्सा करारातील राष्ट्रांचे रणगाडे देशात घुसले. आता संमोहनाचा प्रयोग करावयास कोणाचे आजोबा उरले नव्हते. तरीही स्टुडिओचा जुना कारभार लगेच बरखास्त झाला नाही. नव्या धन्यांस सूत्रे हाती घेण्यास काही महिने लागले, आणि त्या फटीत 1969 साली मेन्झेलने 'दोरीवरचे चंडोल' पुरा केला.

हा चित्रपट मी त्याच्या सर्व कृतींत श्रेष्ठ समजतो, ऑस्कर मिळालेल्या कृतीहूनही. काळ पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीचा, स्थळ क्लाद्नोतील भंगाराचे आवार, जेथे स्वतः ह्राबलने घाम गाळला होता. 'बूर्झ्वा' ठरलेले काही पुरुष येथे श्रमाने शुद्ध होण्यासाठी धाडले आहेत. त्यांत एक तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आहे, एक सरकारी वकील आहे, एक सॅक्सोफोनवादक आहे, ज्याचे वाद्यच बूर्झ्वा ठरले, आणि शनिवारी काम करणे धर्मबाह्य मानणारा एक श्रद्धाळू स्वयंपाकी आहे. शेजारीच, पहाऱ्यात, देश सोडून पळू पाहणाऱ्या कैदी स्त्रिया काम करीत आहेत. टंकलेखनयंत्रे आणि क्रूस यांचे ढीग भट्टीकडे जात आहेत, त्यांपासून ट्रॅक्टर आणि धुलाईयंत्रे व्हावयाची आहेत. शाळेतली मुले वर्गशत्रू कसे दिसतात ते पाहावयास रांगेने आणली जातात. वार्तापटवाले येतात आणि आनंदी कामगारांचे चित्रण करून जातात. दोघातिघांनी तोंडाने काही प्रश्न विचारला की दुसऱ्या दिवशी ते दिसत नाहीत, एवढ्याच सहजतेने लोक नाहीसे होतात.

आणि या सगळ्यात मेन्झेल काय दाखवितो? भंगाराच्या पत्र्याआड एकमेकांची बोटे शोधणारे हात, शेकोटीभोवती गप्पा मारणारी दोन्ही बाजूंची माणसे, आणि तो स्वयंपाकी व एक कैदी मुलगी यांचे लग्न, ज्यात वधू तुरुंगात असल्यामुळे तिच्या जागी कचेरीत वराची आजी उभी केली जाते. पहारेकरी देखील दुष्ट नाही. तो बिचारा स्वतःच्या नव्या संसाराने गांजलेला आहे. नव्या राज्यकर्त्यांस नेमके हेच सोसले नसावे, असा माझा तर्क आहे. क्रोधाने काढलेला चित्रपट सरकारला समजतो. शत्रूने आपल्याला शत्रू म्हणावे हे एक प्रकारे मानाचेच. परंतु आपला कारभार मूर्ख आहे, आणि त्या मूर्खपणाच्या सांदीत माणसे मजेत प्रेम करीत आहेत, हे दृश्य कोणत्याही राजवटीच्या पचनी पडण्यासारखे नाही. शेवटी तो स्वयंपाकी भेटीस आलेल्या बड्या पाहुण्यासमोर सरळ विचारतो, आमचे नाहीसे झालेले सोबती कोठे आहेत? उत्तरादाखल त्यालाच उचलतात, आणि खाणीच्या पाळण्यातून खोल अंधारात उतरत असता त्यास प्राध्यापक पुन्हा भेटतो. चित्रपटावर बंदीचे फर्मान निघाले, आणि मेन्झेललाही पुढली काही वर्षे स्टुडिओत काम मिळाले नाही.

यानंतरच्या काळात त्याच्या सोबत्यांची पांगापांग झाली. फॉर्मन अमेरिकेत गेला आणि 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' व 'अमादेउस' यांसाठी दोन वेळा ऑस्करचा धनी झाला. इव्हान पासर गेला, यान न्येमेत्सला 1974 मध्ये देश सोडावा लागला. खितिलोवा राहिली, परंतु कित्येक वर्षे तिला चित्रपट करू दिला नाही. शोर्म रंगभूमीकडे वळला. मेन्झेल राहिला. त्यासही नाटकाचा आधार होता, कारण प्रागच्या 'चिनोहेर्नी क्लुब' या नाट्यगृहात त्याने 1965 सालीच मॅकियाव्हेलीचे 'मांद्रागोला' बसविले होते. पण चित्रपट करावयाचा तर सरकारची मर्जी संपादन करणे भाग होते, आणि 1974 साली त्याने धरणाच्या बांधकामावरील कामगारांचे गुणगान करणारा 'सोन्याचा तळ कोण शोधतो' हा चित्रपट केला. तो सपक आहे. मेन्झेलच्या अन्य कृतींत प्रत्येक माणसास काही ना काही खोड असते, इथे कोणालाच नाही, आणि त्यामुळेच कोणी माणूस वाटत नाही. याला प्रायश्चित्त म्हणावे, खंडणी म्हणावे की शरणागती? ह्राबलनेही 1975 मध्ये एका नियतकालिकातील मुलाखतीत राजवटीशी जुळवून घेणारी भाषा वापरून पुस्तके छापण्याची परवानगी मिळविली, आणि काही संतप्त तरुणांनी त्याची पुस्तके रस्त्यात जाळली. ज्यांनी तुरुंग पत्करला त्यांच्यापुढे या दोघांचे माप कमी भरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गेलेल्यांना जे साधले नाही ते राहिलेल्यांना साधले: चेक माणसाशी चेक भाषेत, त्याच्याच खोडींविषयी, वीस वर्षे बोलत राहणे.

प्रायश्चित्तानंतर जे आले ते उघडउघड निरुपद्रवी होते. 1976 चा 'रानाकाठचा एकांत' हा झ्देन्येक स्व्येराक आणि लादिस्लाव स्मोल्याक या जोडीने लिहिला. प्रागचे एक मध्यमवर्गीय कुटुंब खेड्यात सुटीसाठी घर शोधते, घराचा म्हातारा मालक काही केल्या घर रिकामे करीत नाही, आणि हळूहळू त्यालाच सोडून जावेसे कोणाला वाटेनासे होते. ज्या देशात परदेश प्रवासावर आणि सार्वजनिक जीवनावर कडक निर्बंध होते, तेथे शुक्रवारी दुपारी मोटारीत सामान भरून खेड्यातल्या घराकडे धावणे हा नागरिकांचा एकमेव खासगी प्रदेश उरला होता. त्या सार्वत्रिक उद्योगाची ही सौम्य थट्टा.

स्व्येराकच्याच लेखणीतून 1985 मध्ये 'माझे लाडके खेडे' आला, आणि चेक जनतेच्या दृष्टीने मेन्झेलचा खरा चित्रपट तो हाच. सहकारी शेतीसंस्थेचा मालमोटारचालक पावेक जाडा, तापट आणि मायाळू आहे. त्याचा मदतनीस ओतिक उंच, काटकुळा आणि बुद्धीने मंद. दोघे रोज पाऊल जुळवून कामास जातात. एके दिवशी पावेकच्या सहनशक्तीचा अंत होतो, आणि तो ओतिकला दुसऱ्याच्या स्वाधीन करावयास निघतो; त्याच वेळी प्रागमधल्या एका बड्या अधिकाऱ्याचा डोळा ओतिकच्या घरावर असतो, आणि त्याला शहरात नोकरीचे आमिष दाखविले जाते. कथेचा आवाका इतकाच. पण गावातला डॉक्टर मोटार हाकताना निसर्गसौंदर्याने इतका भारावतो की वारंवार रस्ता सोडून खाली जातो. बियरची बाटली तळघराच्या सातव्या पायरीवर ठेवावी म्हणजे ती बेताची गार होते, हे शास्त्र पावेक गंभीरपणे शिकवितो. असे बारीकसारीक तपशील चेक प्रेक्षकास आज तोंडपाठ आहेत. ओतिकची भूमिका करणारा यानोश बान हा हंगेरीचा नट, पावेकची भूमिका करणारा मारियान लाबुदा स्लोव्हाक, आणि ओतिकचा आवाज एका चेक नटाचा: तीन भाषांच्या मिश्रणातून जी जोडी तयार झाली ती अस्सल खेडूत वाटावी, ही किमया दिग्दर्शकाची. या चित्रपटास ऑस्करचे नामांकन मिळाले.

मधल्या काळात, 1980 साली, त्याने ह्राबलचा 'जावळ' केला होता. ह्राबलची आई आणि सावत्र बाप यांची ही कथा, नदीकाठच्या एका गावातील बियरच्या कारखान्यात घडणारी. नवरा काटेकोर व्यवस्थापक. बायको मारिष्का सुंदर, खादाड, आणि धिटाईची मूर्ती. डुकराची कत्तल होते, मेजवानी होते, नवऱ्याचा बोलघेवडा भाऊ पेपिन येतो आणि अखंड ओरडत राहतो, मग मारिष्का आणि तो कारखान्याच्या उंच धुराड्यावर चढून बसतात. रेडिओ येतो, अंतरे आखूड होतात, सबब सगळेच आखूड करावे या न्यायाने मारिष्का आपले लांबसडक केस कापून टाकते. रोज घशाखाली ओतले जाणारे मद्य, ताटातले मांस आणि सायकलवर बसलेली स्त्री यांचे असे निरामय, पापभावनारहित दर्शन मला अन्यत्र आढळलेले नाही. व्हेनिसच्या महोत्सवात 1981 साली त्यास विशेष उल्लेखाचा मान मिळाला.

या चित्रपटांवर टीकाही झाली, आणि ती पूर्णतः निराधार नव्हती. म्हणतात की नवलाटेतल्या धारदार लेखणीचे मेन्झेलने मऊ उशीत रूपांतर केले. पूर्वी ज्या सत्तेस तो शिक्के मारून दाखवीत होता तिच्या आश्रयाने तो आता प्रेक्षकांस हसवून झोपवीत होता. 'माझे लाडके खेडे' पाहताना या आक्षेपातील तथ्य जाणवते. तेथे दुष्टपणा असतो तो एका प्रागकर अधिकाऱ्यापुरता, व्यवस्थेचा उल्लेख नाही. परंतु हा स्वभाव भयातून आलेला नाही, तो आधीपासूनच होता, हे 'पहाऱ्यातल्या आगगाड्या' पाहिल्यास ध्यानात येते. माणसाचा द्वेष करणे त्यास जमत नसे. मिशीवाला जर्मनधार्जिणा अधिकारी असो वा तुरुंगाचा शिपाई, त्याच्याकडे पाहून हसू येते, आणि हसू आले की द्वेष संपतो. हा गुण होता आणि मर्यादाही.

नटाच्या पेशातही त्यास रस होता. खितिलोवाच्या 1976 मधील 'सफरचंदाचा खेळ' या चित्रपटात त्याने बायकांवर भाळणारा स्त्रीरोगतज्ज्ञ साकारला, कोस्ता-गाव्राससाठी 1993 मध्ये काम केले, आणि पुढे 2018 मध्ये 'दुभाषी' या स्लोव्हाक चित्रपटात, नाझी अधिकाऱ्याने आपल्या आईबापांची हत्या केली म्हणून त्या अधिकाऱ्यास शोधावयास निघालेल्या, पण त्याच्या मुलाशीच गाठ पडलेल्या वृद्ध दुभाषाची भूमिका केली. त्यातला करडा, रुक्ष, हळूहळू विरघळणारा मेन्झेल दिग्दर्शक मेन्झेलपेक्षा अगदी निराळा आहे.

1989 च्या क्रांतीने त्यास स्वातंत्र्य दिले आणि त्याच वेळी आश्रयदाताही हिरावून घेतला. स्टुडिओ खासगी हाती गेला, सरकारी पैसा आटला, आणि ज्या स्वस्थपणे मेन्झेल चित्रपट करीत असे तो स्वस्थपणा परवडेनासा झाला. वोइनोविचच्या रशियन कादंबरीवरचा 'इवान चोन्किन' हा 1994 मधला चित्रपट ओढूनताणून केलेला आहे. नंतर बारा वर्षे एकही पूर्ण चित्रपट नाही. ह्राबलच्या 'मी इंग्लंडच्या राजाला जेवण वाढले' या कादंबरीच्या हक्कांवरून एका निर्मात्याशी त्याचा वाद झाला, आणि 1998 साली कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवात त्या भिडस्त, मितभाषी माणसाने भर सभेत निर्मात्यास छडीने बदडले. आयुष्यभर वरिष्ठांपुढे हसून वेळ निभावणाऱ्याच्या कारकिर्दीत ही एकच मारामारी. त्या कादंबरीवरचा चित्रपट अखेर 2006 साली तयार झाला. लक्षाधीश होण्याची इच्छा धरणारा ठेंगणा वेटर, त्याने युद्धकाळात केलेले जर्मन लग्न, आणि संपत्ती जमल्यावर कम्युनिस्टांनी तिच्या प्रत्येक दशलक्षासाठी दिलेले एक-एक वर्ष तुरुंग, अशी ती कथा. बर्लिनमध्ये समीक्षकांचे पारितोषिक तिला मिळाले. पण माझ्या मते चित्र येथे जरा जास्तच देखणे झाले आहे. ह्राबलच्या गुत्त्यातल्या धुराचा वास पडद्यावर येत नाही.

भारताशी त्याचा संबंध उत्तरायुष्यात आला. 2013 साली पणजी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा आरंभ त्याच्या 'डॉन ह्वान' या संगीतमय चित्रपटाने झाला आणि त्यास जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. पुण्याच्या चित्रपट संस्थेचे माजी विद्यार्थी आणि मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचे संस्थापक शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी मेन्झेल आणि त्याचे सहकारी यांच्या मुलाखतींवर 'चेकमेट' हा सात तासांहून अधिक लांबीचा माहितीपट 2018 मध्ये पुरा केला. प्रागच्या एका मितभाषी माणसावरील इतका दीर्घ दस्तऐवज मुंबईकराने केला, ही गोष्ट चेक लोकांस थोडी चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. मेन्झेलचा अंत 5 सप्टेंबर 2020 रोजी प्रागमध्ये झाला, वय 82.

ज्या वाचकास या चित्रपटांशी परिचय करून घ्यावयाचा असेल, त्याने ऑस्करविजेत्या कृतीपासून आरंभ करू नये. ती फार स्तुत झाली आहे, आणि स्तुतीच्या ओझ्याखाली तिच्यातला मिश्कीलपणा दिसेनासा होतो. आधी 'जावळ' पाहावा, भूक लागलेली असताना. मग 'माझे लाडके खेडे', घरातल्या सर्वांसमवेत. त्यानंतर 'पहाऱ्यातल्या आगगाड्या', आणि सगळ्यांत शेवटी, ज्या राजवटीने तो कुलूपबंद केला तिच्याविषयी थोडे वाचून, 'दोरीवरचे चंडोल'. सोन्याच्या तळाचा शोध घेणारा चित्रपट पाहिला नाही तरी चालेल. मात्र मेन्झेलची कारकीर्द लिहावयास बसलेल्याने तो पाहिलाच पाहिजे.